शनिवारचा चहा

फोन आमच्या धाकट्या दिराचा, मनोहरचा होता, आणि तो बोलत नव्हता. मागे नागपूरच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी मोठ्यानं कुणाचं तरी नाव पुकारत होतं. मी पुन्हा पुन्हा ‘हॅलो’ म्हणत राहिले. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, रक्त लावलं होतं जी... अर्धी पिशवी तशीच राहिली." माझी धाकटी जाऊ वंदना गेली, हे मला त्या अर्ध्या पिशवीवरून कळलं. पंचेचाळिशीही गाठली नव्हती तिनं. आदल्या दिवशी सौंसरच्या घरी गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली आणि जिन्यात मध्येच बसली, ती पुन्हा उठलीच नाही. गाडीत घालून तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मनोहरला बाजूला घेऊन विचारलं, ह्या बाई आजवर चालत-फिरत कशा होत्या? आता ह्याचं उत्तर तो काय देणार? चालत होती, फिरत होती, सगळ्यांचे डबे भरत होती. शरीर बिचारं हळूहळू कमी रक्ताची सवय करून घेतं, आणि मग एक दिवस हृदयालाच ते झेपत नाही.

आता दीड महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, म्हणतात, ताई, तुम्ही मोठ्या धीराच्या. धीर वगैरे काही नाही. मला रडू कमी येतं आणि राग जास्त येतो, एवढंच. ज्या बाईनं आपल्या लेकीच्या अंगात लोह भरावं म्हणून वर्षानुवर्षं सगळं घर धारेवर धरलं, ती बाई अंगात लोह नाही म्हणून गेली. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर मी, जन्मभर मुलांचे निबंध तपासलेली मास्तरीण, लाल शाईनं शेरा मारला असता की शेवट ओढूनताणून आणला आहे. पण हे झालं, आमच्या घरात झालं, आणि ते कसं झालं ते सांगितल्याशिवाय मला वंदनाची दुसरी कुठलीच आठवण धड सांगता यायची नाही.

वंदना बोरगावची. लग्न होऊन सौंसरला आली तेव्हा मी पांढुर्ण्याला नोकरीत होते, सुट्टीत सासरी जायची. तिच्या पहिल्याच महिन्यात मी मागच्या अंगणात केस वाळवत बसले होते आणि स्वयंपाकघरातून मला माझाच आवाज ऐकू आला. ‘हाताची घडी, तोंडावर बोट. मागच्या बाकावर कोण बोलतंय?’ पाठोपाठ सासूबाईंचं हसणं, ठसका लागेपर्यंतचं. मी दारात जाऊन उभी राहिले तर नवी नवरी पदर खोचून, हातात उलथनं छडीसारखं धरून उभी. मला बघून जराही वरमली नाही. म्हणाली, "ताई, आता मले वर्गाबाहेर काढाल का?" अशी होती ती. घरात हसणं तिनंच आणलं. आमच्या सासरी त्याआधी माणसं हसत नव्हती असं नाही, पण हसताना दार लावून घ्यायची.

एका गोष्टीवर मात्र ती कधी हसली नाही. बोरगावला तिची एक पाठची बहीण होती. शाळेत बसायची नाही, सांगितलेलं विसरायची, म्हणून दुसरीतच घरी बसवलेली. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत पाठवायचे. घरचे-बाहेरचे सगळे तिला ‘खुळी’ म्हणायचे, इतके की तिचं खरं नाव काय ते मला वंदनाच्या लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळलं. ती तरुणपणीच तापानं गेली. वंदना तिच्याबद्दल क्वचित बोलायची, पण पुढे जे काही केलं त्याच्या मुळाशी ती बहीण होती, हे मी खात्रीनं सांगते.

कारण बऱ्याच वर्षांच्या वाट बघण्यानंतर झालेली गुंजन शाळेत जायला लागली आणि तशाच तक्रारी घरी यायला लागल्या. पोरगी गोड, जिवाला जीव लावणारी, पण एका जागी ठरत नसे. पाण्याची बाटली हरव, डबा विसर, एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल. वाक्य सुरू करायची आणि अर्ध्यावर सोडून अंगणात पळायची. रात्री झोपेतसुद्धा पाय झाडायची. आणि पाटीची पेन्सिल खायची. चोरून नाही, उघडपणे, आपण बडीशेप खातो तशी. पेन्सिली लपवल्या तर तांदळाच्या डब्यात हात. सासूबाई म्हणत, पोटात जंत असतील. मग म्हणाल्या, नजर लागली. मग मारुतीच्या देवळातून अंगारा आला. तिसरीत असताना शाळेतल्या बाईंनी वंदनाला बोलावून सगळ्या पालकांसमोर सांगितलं की हिच्यामुळे बाकीच्यांचं नुकसान होतं, तुम्ही दुसरी शाळा बघा. त्या दिवशी वंदनानं मला फोन केला. नेहमीसारखी नक्कल नाही, थट्टा नाही. म्हणाली, "ताई, माह्या पोरीले घरी बसवून राहिले हे लोक." एवढंच म्हणाली. मला त्या वाक्यात आतल्या खोलीचं दार दिसलं. मी म्हटलं, कुणी घरी बसवत नाही, नागपूरला चल.

नागपूरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघी गेलो. माणूस शांत. त्यांनी गुंजनला खेळू दिलं, बोलू दिलं, खूप वेळ नुसतं बघितलं, मग रक्त तपासलं. पुढच्या खेपेला रिपोर्ट समोर ठेवून म्हणाले, "दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही नीट ऐका. लक्ष न टिकण्याचा हा एक आजार आहे. तो लाडानं होत नाही आणि नजरेनं होत नाही. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे हिच्या अंगातला लोहाचा साठा जवळजवळ संपलाय, जस्तही कमी आहे. मेंदूच्या कामाला ही खनिजं लागतात. ती कमी पडली की मुळातला त्रास आणखी वाढतो. पेन्सिल खाणं, रात्री पाय झाडणं हे बहुतेक त्यातूनच आहे. ती कमतरता आपण भरून काढू. वाढलेला त्रास उतरेल. मूळचा किती राहतो ते मग बघू, त्याला कदाचित वेगळं औषध लागेल." मी डॉक्टर नाही, पण माणसानं इतकं स्वच्छ सांगितल्यावर न कळायला काय झालं? वंदनाला मात्र दुसरी गोष्ट तेवढी ऐकू आली. परतीच्या बसमध्ये गुंजन तिच्या मांडीवर झोपली होती, आणि ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "म्हणजे खाण्याचंच आहे ना ताई? डोक्याचं नाही ना?" मी म्हटलं, दोन्ही आहे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खाण्याचं असलं तर मी पाहून घेतो."

आमच्या भागात ह्या म्हणण्याला एक अर्थ आहे. मनोहरचं सौंसरला बी-बियाण्याचं आणि खतांचं दुकान आहे. संत्र्याचे बागवाले खिशात पानं घेऊन त्याच्याकडे येतात. पान उजेडात धरलं, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, की मनोहर सांगतो, जस्त कमी आहे, नाहीतर लोह. ते पाण्यात कालवून झाडावर फवारायचं. काही आठवड्यांत नवी पालवी हिरवीगार. वंदना दुकानाच्या मागच्याच घरात राहायची, हे सगळं तिच्या रोजच्या कानावरचं. झाडाला जे लागतं तेच लेकराला लागतं, आणि झाड सुधारतं तर लेकरू का नाही, असा तिचा साधा हिशेब होता. तो सगळाच चुकीचा होता असं नाही, म्हणून तर तो इतका घट्ट बसला. बाजारातून लोखंडी कढई आली. जवसाची चटणी, तीळ-गुळाचे लाडू, मोड आलेली मटकी, चवळीची भाजी, आणि वर डॉक्टरांनी दिलेली गोळी. "फवारा चुकला नाही पाहिजे," ती हसून म्हणायची, आणि गुंजन पुढे पळायची आणि ही लाडू घेऊन मागे.

तीन महिने गेले आणि काही म्हणता काही फरक नाही. पेन्सिल तशीच, पाय तसेच, शाळेच्या तक्रारी तशाच. रक्त पुन्हा तपासलं तर साठा होता तिथेच. डॉक्टर बुचकळ्यात पडले. गोळी रोज देता का? रोज. विसरत नाही? एक दिवस नाही. मग त्यांनी विचारलं, कशाबरोबर देता? वंदना म्हणाली, "चहाबरोबर."

आमच्याकडे सकाळी लेकरांना चहा-पोळी देतात. शिळी पोळी चहात बुडवायची आणि शाळेत जायचं. जेवणावरही चहा, पाहुणा आला की चहा, पाहुणा उठला की चहा. गोळी कडवट, म्हणून वंदना ती रोज चहाच्या घोटाबरोबर भरवत होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटला असणार. त्यांनी समजावलं की चहा अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगाला लागू देत नाही, आणि लिंबू किंवा संत्र्याचा रस असला तर ते चांगलं लागतं. संत्र्याचा रस. ज्या घराच्या ओसरीवर हंगामात संत्र्यांचे ढीग पडलेले असतात, ज्या घरातून सगळ्या गोतावळ्याला संत्र्यांच्या पेट्या जातात, त्या घरात पोरीला लोहाची गोळी तीन महिने चहाबरोबर गेली. वंदना दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं चहाविरुद्ध जे युद्ध पुकारलं ते सौंसरच्या आमच्या आळीत अजून सांगतात. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर त्या घरात कुणालाच चहा मिळेनासा झाला. गुंजनचा सकाळचा चहा बंदच. आणि तिला एकटीला नको कसं म्हणणार, म्हणून सगळ्यांसाठी तोच नियम. जेवणघरात भिंतीवर मोठं घड्याळ लागलं. सासूबाईंनी अबोला धरला. मनोहर दुकानाच्या पोऱ्याला बाहेरून चहा आणायला पाठवायचा आणि पकडला जायचा. पाहुणे आले की वंदना लिंबाचं सरबत पुढे करायची आणि घड्याळाकडे बोट दाखवायची. "अजून वीस मिनिटं बसा ना जी, मग देतो," ती म्हणायची, आणि सोयरे मुकाट्यानं बसायचे. मी गेले की मलाही सूट नव्हती. मी म्हटलं, अगं, मी आता ह्या वयात कुठल्या परीक्षेला बसणार आहे? तर म्हणाली, "नियम म्हणजे नियम ताई, हे तुमच्याच वर्गात शिकली ना मी."

आणि ह्या खेपेला फरक पडला. दोन-तीन महिन्यांत पेन्सिल खाणं आपोआप सुटलं. पाय शांत झाले, पोरगी रात्रभर झोपायला लागली, तिची सकाळची किरकिर गेली. शाळेतल्या बाईंनीसुद्धा मान्य केलं की जरा बरी आहे. वंदनाला आभाळ ठेंगणं झालं. पण डॉक्टरांनी सांगितलेलं मूळचं दुखणं होतं तिथे होतं. रक्तातला साठा व्यवस्थित भरला, आणि गुंजन तरीही सहामाहीच्या पेपरात पहिले तीन प्रश्न मोत्यासारख्या अक्षरात सोडवून उरलेला पेपर कोरा देऊन आली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मले वाटलं, झालं." डॉक्टर म्हणाले, आता औषध सुरू करू. वंदना म्हणाली, अजून सहा महिने गोळी वाढवून द्या. ते म्हणाले, जास्तीचं लोह म्हणजे जास्तीचं लक्ष नव्हे बाई, जास्तीचं लोह विष होतं. तिनं मान हलवली आणि ऐकलं नाही. गोळी वाढवायची हिंमत झाली नाही, म्हणून तिनं दुसरं काहीतरी वाढवलं. तिनं शनिवार धरला.

गुंजनचं लक्ष लागेपर्यंत मारुतीचा शनिवार. पुढे सोमवारही आला, चतुर्थी, एकादशी तर होत्याच. आणि उपासाच्या दिवशी ती काय घ्यायची? फराळ करायला तिला वेळ नसे, फळं ती लेकीला ठेवायची. ती चहा प्यायची. दिवसभर, कपामागून कप. ज्या घरात घड्याळ लावून चहा बंद केला होता त्या घरात पिठाच्या डब्यामागे एक कप सतत भरलेला असे आणि तो तिचा. बाकीच्या दिवशीही सगळ्यांचं झाल्यावर उरलेली पोळी ती चहातच बुडवून उभ्या उभ्या खायची. लोखंडी कढईतली भाजी तिच्यापर्यंत पोचायचीच नाही. मी बोलले, एकदा नाही, कितीदा तरी बोलले. आवाज चढवून बोलले. म्हटलं, ज्या चहानं पोरीचं लोह अडवलं तो तुझ्या पोटात गेल्यावर काय अमृत होतो? ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "माह्यं काय ताई, मी काय शाळेत जाऊन राहिली का?"

औषधाचा तिढा शेवटी गुंजननंच सोडवला. पाचवीत होती. सुट्टीत माझ्याकडे पांढुर्ण्याला राहायला आली होती, पत्ते खेळता खेळता, म्हणजे पत्ते जमिनीवर उधळून झाल्यावर, एकदम म्हणाली, "मोठी आई, माह्यं डोकं जागेवर आलं नाही तर आई जेवतच नाही." मी तिला तसंच बसमध्ये बसवलं, सौंसरला नेलं आणि हे वाक्य वंदनासमोर पुन्हा बोलायला लावलं. वंदना पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी जळली, तिनं काढली नाही. दुसऱ्या आठवड्यात ते नागपूरला गेले आणि औषध सुरू झालं. गुंजनचं पुढे बरं चाललं. पहिला नंबर नाही की काही नाही, पण पेपर शेवटच्या प्रश्नापर्यंत लिहायला लागली, शाळा टिकली, मैत्रिणी झाल्या. कुणी तिला खुळी म्हटलं नाही. वंदनानं जे मागितलं होतं ते तिला मिळालं. पण शनिवार सुटला नाही. लक्ष लागावं म्हणून धरलेला उपास आता लागलेलं लक्ष टिकावं म्हणून सुरू राहिला. त्यात मागची दोन-तीन वर्षं तिचं महिन्याचं दुखणं फार वाढलं होतं, दिवसचे दिवस रक्त जायचं. डॉक्टरकडे गेलं की गर्भाची पिशवी काढा म्हणतील आणि महिनाभर झोपून राहावं लागेल, मग गुंजनची गोळी, डबा, अभ्यास कोण बघणार, हे तिचं ठरलेलं.

आमची शेवटची भेट माझ्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. आता आमचं पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालंय, तर दारातूनच म्हणाली, "या म्हणा जी, तुमच्या जिल्ह्यातल्या गरीब बाया आल्या." हसली, आणि उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, बस लागली. तिचे ओठ कागदासारखे होते. मी हातावर हळद लावायला तिची बोटं धरली तर नखं पांढरीफटक. बायका निघून गेल्यावर मी आत गेले आणि स्वयंपाकघरातून कुटकुट आवाज आला. वंदना माझ्या डब्यातले कच्चे तांदूळ खात उभी होती. मूठभर तोंडात, मूठभर हातात. मला बघून तिनं मूठ मिटली. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं ते काय आहे. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तेच तर सांगितलं होतं, लेकीच्या बाबतीत. मी म्हटलं, उद्याच्या उद्या रक्त तपास. ती म्हणाली, "हाव ना ताई. गुंजनचे नववीचे पेपर होऊन जाऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं येतो." मी तिच्यासमोरच मनोहरला फोन लावला. त्यानं ऐकलं, तारीखही ठरवली. पेपर संपल्यानंतरची.

ती तारीख आली तेव्हा वंदनाला जाऊन काही आठवडे झाले होते.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी मी दुकानात मनोहरजवळ बसले होते. एक बागवाला खिशातून संत्र्याची पानं काढून गल्ल्यावर ठेवून गेला, उद्या सांगा म्हणाला. मनोहर ती पानं उलटी-सुलटी करत राहिला. मग मला म्हणाला, "वहिनी, हे पहा. झाडाले मॅग्नेशियम कमी पडलं ना, तर नवी पालवी हिरवीच राहते. जुनं पान आपल्यातलं काढून नव्याले देऊन टाकते, अन् आपण पिवळं पडते. मी दुकानातल्या पोट्ट्याईले शिकवतो हे. जुनी पानं पाहत जा म्हणतो. अन् माह्या घरात..." त्याला दोष द्यायला मी तोंड उघडलं असतं तर ते सासूबाईंपर्यंत गेलं असतं, आणि तिथून बोरगावपर्यंत, आणि तिथून कुठवर गेलं असतं कोण जाणे. बाईनं शेवटी जेवावं आणि उरलेलं जेवावं, हे आमच्यापैकी कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

परवाच्या शनिवारी मी पुन्हा सौंसरला गेले. गुंजननं दार उघडलं. आई गेल्याच्या दुःखातच तिनं नववीचे पेपर दिले, सगळे पूर्ण लिहिले. आता उंचीनं माझ्या खांद्याच्या वर गेलीय. स्वयंपाक तिनंच केला होता, तीच लोखंडी कढई, तीच काळपट झालेली चवळीची भाजी. तिनं आम्हाला वाढलं, प्रत्येकाच्या ताटात लिंबाची फोड ठेवली. जेवणं झाली, आणि सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "चहा ठेव गं पोरी." गुंजननं भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, अजून तास झाला नाही." हुबेहूब वंदना. तोच सूर, तीच भिंतीकडे वळलेली मान. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले, आणि मनात आलं की चला, काहीतरी राहिलं मागे.

मग माझ्या लक्षात आलं की ती जेवायला बसलीच नाही. मी म्हटलं, तुझं ताट घे. ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "माहा शनिवार आहे, मोठी आई." मी उठून ओट्याजवळ गेले. पिठाच्या डब्यामागे कप होता, चहानं भरलेला. मी विचारलं, कशासाठी गं? ती ओटा पुसत राहिली. "आईनं माह्यासाठी धरला होता ना," ती म्हणाली. "सोडला तर तिनं इतके वर्षं धरलेला फुकट जाईन." जिला अजूनही डबा आठवत नाही, जिची गोळी मनोहर रोज सकाळी समोर उभं राहून देतो, ती पोरगी आई गेल्यापासून एकही शनिवार विसरली नव्हती.

माझा उपासतापासावर विश्वास नाही, आणि घरात सगळ्यांना ते माहीत आहे. पण त्या क्षणी शास्त्र सांगून काही होणार नव्हतं. मी कप उचलला, मोरीत ओतला, आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तुझ्या आईनं नवस बोलला होता, तुझं लक्ष लागेपर्यंत. तुझं लक्ष लागलं. तिनं उद्यापन केलं नाही, तेवढं राहिलं. ते आज मी करते." गुंजन म्हणाली, उद्यापनाला काय लागतं? मी म्हटलं, एक कुमारिका जेवू घालावी लागते. पाट मांडला, तिला बसवलं, कढईतली सगळी भाजी तिच्या ताटात वाढली, लिंबू पिळलं. सासूबाई मला कधी कुठल्या विधीत बोलल्याशिवाय राहिल्या नाहीत, त्या दिवशी मात्र त्या उठून गुंजनच्या कपाळाला कुंकू लावून पुन्हा जागेवर जाऊन बसल्या.

ती जेवली. हळूहळू, मध्येच थांबत, मध्येच खिडकीबाहेर बघत, तिच्या पद्धतीनं. मी समोरून उठले नाही. तिचं ताट रिकामं झाल्यावर मी घड्याळाकडे बघितलं, आणि त्यापुढचा तासभर त्या घरात कुणी चहाचं नाव काढलं नाही.